साठ शब्दांचं मनोगत

आमच्या साताऱ्यातल्या हौशी चित्रकारांच्या गटाचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. गट चौदा जणांचा. त्यात नऊ निवृत्त, तीन गृहिणी, एक दातांचे डॉक्टर आणि एक असा मुलगा, ज्याला खरोखरच चित्र काढता येतं. तो चुकून आमच्यात आला असावा, पण आता आम्ही त्याला सोडत नाही. कुणाचं चित्र फसलं की तोच दोन फटकाऱ्यांत ते मार्गी लावतो आणि खाली सही मात्र ज्याची त्याची राहते.

माहितीपत्रकासाठी प्रत्येकानं साठ शब्दांत ‘कलावंताचं मनोगत’ द्यायचं ठरलं. चौतीस वर्षं टिपण्या लिहिण्यात घालवलेल्या माणसाचे साठ शब्द ‘संदर्भ’ आणि ‘विषय’ यांतच संपायचे. तरी बसलो. पहिलं वाक्य झकास उतरलं : ‘निसर्ग, मानवी भावना आणि जिद्द ही माझ्या चित्रांची प्रेरणास्थानं आहेत.’ दहा शब्द झाले. पन्नास उरले. चहा मागितला.

चहा घेऊन आलेल्या सौभाग्यवतींनी खांद्यावरून कागद वाचला.

“हे कुणाचं?”

“माझं.”

“आणि ते पिवळ्या चौकड्यांचं नॅपकिन कुणाचं?”

या प्रश्नाचा आणि कलेचा संबंध पुढे येईल. तूर्त एवढंच, की त्यामुळं माझं वाक्य डळमळलं. म्हटलं, तीनच तर बाबी आहेत. ऑफिसात प्रवासभत्त्याची बिलं तपासायचो तशा एकेक तपासून घेऊ.

बाब पहिली, निसर्ग.

निसर्गाशी माझी पहिली रीतसर गाठ पडली ती शाळेत, एलिमेंटरीच्या परीक्षेत. पुढ्यात बाटलीत खोचलेली जास्वंदीची फांदी, ती बघून काढायची. मी सुरुवात केली तेव्हा फूल ताठ होतं. पानांशी पोचेस्तोवर फांदीनं मान टाकली होती. मी प्रामाणिक मुलगा. फूल दिसलं तसं ताठ काढलं आणि पानं दिसली तशी लोंबती काढली. ‘सी’ ग्रेड मिळाली. पुढं कळलं की क्लोद मोने नावाच्या फ्रेंच चित्रकारानं १८९०-९१ साली गवताच्या गंजींसमोर बसून हाच उद्योग केला होता. ऊन हललं की चित्र बदलायचं. फरक इतकाच की ऊन बदललं की तो दुसरा कॅनव्हास घ्यायचा. मी सगळं ऊन एकाच कागदावर घेतलं.

त्याच वयात आपण सगळ्यांनी आणखी एक निसर्ग काढलेला आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नागमोडी नदी. मीही काढला, माझ्या मुलांनी काढला, आता नात काढते. साठीनंतर रंगपेटी घेऊन वाईला कृष्णेच्या घाटावर बसलो आणि पहिल्यांदा मान वर करून नीट बघितलं, तर एकही डोंगर त्रिकोणी नाही! सगळे वरून सपाट, कुणीतरी पाट्यावर वरवंटा फिरवावा तसे. हे डोंगर लाव्ह्याच्या आडव्या थरांचे आहेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले. म्हणून त्यांचा माथा सपाट आणि अंगाला पायऱ्या. डोक्यावर पाचगणीचं टेबललँड आहे, त्याचं नावच टेबल आहे. आणि या टेबलाच्या पायथ्याशी जन्म काढून आम्ही त्रिकोण काढत राहिलो. गटाला चित्रकला शिकवणाऱ्या सरांना म्हटलं, तर ते म्हणाले, “डोंगर बघून काढतो कोण? डोंगर पाठ असतात.”

पाठ नसलेला निसर्ग काढायचा तर त्याच्यासमोर जाऊन बसावं लागतं. याला आमच्यात ‘स्पॉटवर जाणं’ म्हणतात. वाईचा घाट आणि पलीकडचं मेणवली म्हणजे जलरंगवाल्यांची पंढरी. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि घाटावर चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतली पोर्तुगीज घंटा. त्या घंटेखाली बसून स्केच न केलेला कलाविद्यार्थी महाराष्ट्रात दुर्मीळ. आमचा गट पहाटेच्या एसटीनं जातो. प्रत्येकाच्या बगलेत बोर्ड, पाठीवर सॅक, हातात घडीचं स्टूल. लोकांना वाटतं, मोजणीवाले आले. एकदा एका शेतकऱ्यानं पाऊण तास माझ्यामागं उभं राहून शेवटी विचारलंच, “सायेब, रस्ता माज्या रानातनं जातोय का शेजाऱ्याच्या?” मी झाड काढत होतो. म्हटलं, रस्ता नाही, हे झाड आहे. त्याचा विश्वास बसला नाही. चित्र बघितल्यावर माझाही बसेना.

स्पॉटवर निसर्ग नुसता समोर नसतो, तो कागदावर येऊन बसतो. वारा आला की बोर्ड उडतो. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, ओला असताना त्यातून मुंगी चालत जाते आणि तिच्यामागं एक रेघ उमटते. ती रेघ जाणकारांना विजेची तार वाटते. माझं एक आख्खं झाड शेळीनं खाल्लं आहे. कागदासकट. सर म्हणाले, चला, कुणाला तरी हिरवा पटला.

मी एवढ्यानं खचलो असतो, पण पुस्तकं वाचून धीर आला. व्हॅन गॉगनं १८८९ साली काढलेल्या ऑलिव्हच्या झाडांच्या एका चित्रात २०१७ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात एक नाकतोडा सापडला. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तो रंगात रुतून बसला होता आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तपासणाऱ्यांना रंगात त्याच्या धडपडीची खूण दिसली नाही, म्हणजे तो मेलेलाच उडत येऊन चिकटला असणार. व्हॅन गॉगनं भावाला लिहिलेल्या एका पत्रात कॅनव्हासवरून शंभरेक माश्या वेचून काढल्याची तक्रारही आहे. मोनेनं तर कमालच केली. १८८९ साली तो ओकचं एक निष्पर्ण झाड रंगवत होता. हवा बिघडल्यामुळं काम लांबलं, वसंत आला आणि झाडाला पालवी फुटली. तर या गृहस्थानं मालकाला पैसे मोजले, माणसं लावली आणि सगळी पालवी उतरवून घेतली. निसर्गाकडून प्रेरणा घेण्याची ही पद्धत मला फार आवडली. आमच्याकडं मात्र ती परवडण्यासारखी नाही. वर धोमचं धरण आहे. पाणी सोडलं की घाट बदलतो. एका रविवारी मी पेन्सिलीनं सात पायऱ्या आखल्या, रंग कालवेपर्यंत पाच उरल्या. कुणाला पैसे द्यायचे?

तपासणीअंती पहिल्या बाबीवर शेरा : निसर्गाकडून प्रेरणा प्राप्त झाल्याचं दिसत नाही. अडथळे प्राप्त.

बाब दुसरी, मानवी भावना.

जलरंग आणि भावना यांचं जमत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. तैलरंगात माणूस चिडला, रडला, थर चढवले, खरवडले, पुन्हा चढवले तरी चालतं. जलरंगात कागदावर एकदा पाणी पडलं की घड्याळ सुरू. कागदाला चमक आहे तोवर रंग सोडला तर तो मऊ पसरतो. कागद पुरता वाळला की कड स्वच्छ येते. पण चमक गेलेली आणि ओल राहिलेली अशी एक मधली वेळ असते. त्या वेळी ब्रश लावला की पाणी उलटं पसरतं आणि कागदावर कॉलिफ्लॉवर उगवतो. त्याला म्हणतातच कॉलिफ्लॉवर. भावनाप्रधान माणसाला नेमका त्याच वेळी ब्रश लावावासा वाटतो. माझ्या जुन्या फाइलीत मंडईला पुरेल इतका फ्लॉवर आहे.

आई गेली त्यानंतर महिनाभरानं मी घाटावर गेलो होतो. मन भरून आलेलं. वाटलं, आज जे उतरेल ते वेगळंच असेल. नदीवर हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणखी गडद केलं, आणखी एकदा. तासाभरात सगळ्याची माती झाली. आमच्यात ‘माती होणं’ हा शब्द शब्दशः वापरतात. तीन-चार रंग एकमेकांत घोटले की होतो तो रंग. सर मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “रडायचं असेल तर रडून घ्या. नदीला कशाला त्रास?” मी बोर्ड बाजूला ठेवला आणि खरंच रडून घेतलं. सरांनी त्या वेळात माझे ब्रश धुऊन ठेवले.

याच्या उलट गोष्ट नॅपकिनची. एका रविवारी निघताना ब्रश पुसायचं फडकं सापडेना, म्हणून स्वयंपाकघरातून मिळालं ते उचललं. ते नवं होतं, पिवळ्या चौकड्यांचं होतं आणि भिशीच्या बायकांसाठी काढून ठेवलेलं होतं. हे मला वाईच्या स्टँडवर फोनवरून कळलं. बाकीचंही बरंच कळलं. फोन ठेवला तेव्हा कान तापले होते. तशातच स्टुलावर बसलो, दात-ओठ खात आकाशाचा एक वॉश मारला, नदीचा एक मारला आणि रागारागानं डबा उघडून पोळीभाजी खात बसलो. जेवून बघतो तो चित्र झालेलं. त्याला मी हातच लावला नव्हता! ते चित्र गेल्या वर्षी प्रदर्शनात भिंतीवर होतं. पाहायला आलेले एक वृद्ध गृहस्थ त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “काय शांतता आहे हो या चित्रात. काढताना तुमचं मन अगदी स्थिर असणार.” सौभाग्यवती शेजारीच होत्या. त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती उतरवायला जलरंग हे माध्यम पुरत नाही.

नॅपकिन अजून आहे. त्याच्या पिवळ्या चौकड्या आता दिसत नाहीत. मधोमध अल्ट्रामरीनचा मोठा डाग आहे. मी सौभाग्यवतींना समजावलं, की हा साधा रंग नव्हे, हा पूर्वी अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडापासून करायचे आणि युरोपात तो सोन्याच्या भावात जायचा. त्या म्हणाल्या, “माहितीये. कारखान्यात करायला लागल्यापासून तोच नीळ म्हणून मिळतो. मी त्यात तुमचे सदरे बुडवते.” नंतर पुस्तकात बघितलं. खरं आहे. कपड्यांच्या निळीच्या भुकटीत तोच असतो.

दुसऱ्या बाबीवर शेरा : भावना होत्या, परंतु चित्राशी मेळ बसत नाही.

बाब तिसरी, जिद्द.

इथं मात्र दबून बोलावं लागतं. फ्रेंच चित्रकारच घ्या. रेन्वारची बोटं संधिवातानं वाकडी झाली, तरी पट्ट्या बांधलेल्या हातात ब्रश धरून १९१९ मध्ये मरेपर्यंत तो काढत राहिला. मातीस १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर खाटेला आणि चाकाच्या खुर्चीला खिळला, तर त्यानं कात्री हातात घेतली आणि रंगीत कागद कापून चित्रं केली. सेझाननं आपल्या गावाजवळचा डोंगर आयुष्यभर पुन्हापुन्हा काढला. १९०६ च्या ऑक्टोबरात बाहेर रंगवत असताना तो वादळी पावसात सापडला, त्याला धोब्याच्या गाडीतून घरी आणलं, दुसऱ्या दिवशी हा पुन्हा कामाला, आणि आठवड्याभरात गेला. आपल्या शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी तर जन्मापासूनच अधू दृष्टीचे. १९५७ च्या सुमारास डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुरते आंधळे झाले. त्यांनी त्यानंतरही कागद कापून, बोटांनी चाचपून काम केलं, भिंतीवर चिनी मातीच्या फरशांचं म्युरल उभं केलं. त्यांचा विद्यार्थी सत्यजित राय यानं १९७२ साली त्यांच्यावर माहितीपट काढला.

आमच्या जिद्दीचा विषय गुडघा आहे. घडीच्या स्टुलावरून उठताना तो वाजतो. दातांचे डॉक्टर म्हणतात, दाखवून घ्या. पण त्यांना नाही, दुसऱ्या कुणाला तरी. तेव्हा जिद्द हा शब्द मी स्वतःच्या नावानं छापायला देणं म्हणजे खोटं बिल सादर करणं होईल. तो खोडायलाच घेतला होता. पण त्याच आठवड्यात वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पाहिली.

वाईला गेलेल्या प्रत्येकानं ढोल्या गणपती पाहिलेला असतो. पण समोरून. मीही पाच वर्षं त्याचं शिखर, त्याच्या पायऱ्या, त्याचं प्रतिबिंब काढत होतो. त्या रविवारी समोर लग्नाचे फोटो काढणारी मंडळी जमली, म्हणून स्टूल उचलून मागच्या अंगाला गेलो. देवळाची मागची भिंत सरळ नाही. ती दोन बाजूंनी येऊन मध्ये टोकदार झाली आहे, माशाच्या तोंडासारखी. १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी हे देऊळ बांधलं तेव्हा कृष्णेचा पूर बघून बांधलं. पुराचं पाणी या टोकावर येतं, दुभंगतं आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातं. अडीचशेहून जास्त पावसाळे असेच निघून गेले. भिंतीनं पाण्याला अडवलं असतं तर ती केव्हाच गेली असती.

मी तिथंच बसलो. पुण्याच्या हातकागद संस्थेतला जाड कागद होता. रंग दोनच घेतले, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. या दोघांच्या मिश्रणातून पावसाळी ढगापासून ओल्या दगडापर्यंत सगळे करडे निघतात. खालच्या पायरीवर एक म्हातारी धुणं धूत होती. पांढरं लुगडं. जलरंगात पांढरं काढता येत नाही, राखावं लागतं. पांढरा म्हणजे जिथं आपण काही केलं नाही तो कागद. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते खुशाल रविवर्म्याच्या नावावर खपवतात. सावंतवाडीच्या या माणसानं स्वतःच्या मुलीला तासन् तास उभं करून ते जलरंगात केलं. त्यातला उजेड बघितला की कळतं, राखणं म्हणजे काय. मी म्हातारीपुरता करंगळीच्या नखाएवढा कागद राखला.

भिंत झाली, पायऱ्या झाल्या. नदीचा वॉश मारला आणि तेवढ्यात म्हातारीनं चादर दगडावर आपटली. शिंतोडे थेट कागदावर. वॉश नेमका त्या मधल्या वेळेत होता. चमक गेलेली, ओल राहिलेली. बघता बघता नदीत सात-आठ कॉलिफ्लॉवर फुलले. मी हाय खाल्ली. ब्रश उचलला, नॅपकिन उचललं, आणि मग ती भिंत पुन्हा दिसली. दोन्ही खाली ठेवलं. जाऊ दे म्हटलं, जाईल तिकडून जाऊ दे.

पिळे बादलीत टाकून म्हातारी वर आली.

“काय काढतुयास रं दादा?”

“देऊळ, मावशी. आणि ह्या तुम्ही.”

तिनं वाकून त्या पांढऱ्या नखाकडं बघितलं. “हिला तर त्वांडच न्हाई.”

“एवढ्या लांबून तोंड कुठं दिसतंय?”

“मला दिसतंय की तुजं.”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. ती बादली कमरेवर घेऊन निघाली, दोन पायऱ्या चढली आणि पुन्हा वळून बघितलं. “पानी मातर हालतंय,” म्हणाली आणि गेली.

कागद वाळल्यावर मी बघितलं. हलत होतं. ज्या जागी शिंतोडे पडले होते तिथं नदी कुठंतरी निघाल्यासारखी दिसत होती. पाच वर्षांत मला न जमलेली गोष्ट. संध्याकाळी गटात सगळ्यांना दाखवलं. त्या मुलाकडं दिलं, म्हटलं, कुठं सावरायला हवं? त्यानं बराच वेळ बघून कागद परत दिला. म्हणाला, “काका, याला नका हात लावू.”

रात्री मनोगताचं पहिलं वाक्य खोडलं. तीनही प्रेरणास्थानं वगळली. हातात जे होतं तेवढंच लिहिलं आणि सकाळी देऊन टाकलं. ते असं :

‘चित्र : ढोल्या गणपतीची मागची भिंत. कागद : पुण्याचा हातकागद. रंग : दोन, पैकी एक सदऱ्यांच्या निळीचा. पाणी : कृष्णेचं. नदीवरचे शिंतोडे चित्रकाराचे नाहीत, घाटावर धुणं धुणाऱ्या मावशींचे आहेत. नॅपकिन सौ.चं.’

साठ शब्दांतले निम्म्याहून जास्त उरले. ते त्या मुलाला दिले. त्याचं मनोगत अजून कोरं आहे.

प्रदर्शन तीन दिवसांचं, प्रवेश मोफत. आलात तर माझं चित्र जरा लांबून बघा. खालच्या पायरीवर जिथं काही काढलेलं नाही, तिथं मावशी आहेत.